हेझल ग्रोव्हचं बुजवलेलं तळं

समोरच्या कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीतून एक पांढरा पाइप बाहेर काढलेला होता, आणि उमाताई खांबेट्यांचा तो हिवाळा त्या पाइपाकडे बघण्यात गेला. सकाळी चहाचा कप घेऊन त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहत. पाइप मधूनमधून पाण्याची एक चूळ टाकी. ते पाणी तिथेच गोठे आणि भिंतीलगतचा बर्फाचा निळसर उंचवटा रोज थोडा थोडा वाढे. पाणी पडलं की उमाताईंना वाटे, म्हणजे बेसमेंटच्या खाली पाणी आहे. पाणी पडलं नाही की वाटे, ते बाहेर फेकणारा पंप बंद पडला की काय.

"आजी, यू आर स्टेअरिंग अ‍ॅट देअर हाउस अगेन," सात वर्षांची नात अनन्या बूट चढवता चढवता म्हणे.

"बर्फ बघतेय गं," त्या म्हणत.

काळजी हा त्यांचा जन्माचा स्वभाव. त्यांचे यजमान अरविंदराव होते तेव्हा म्हणायचे, "आपण विमानतळावर पोचायच्या आत उमा ते विमान एकदा पाडून घेते." घरात सगळे हसायचे, उमाताईसुद्धा हसायच्या. त्यामुळे त्यांची खरीखुरी भीती आणि सवयीची भीती यांतला फरक घरात कुणाला ओळखता येईनासा झाला होता. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही.

ही भीती मात्र कुठून आली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती वृद्धाश्रमातून आली होती.

१९७३ साली लग्न होऊन उमाताई कॅनडातल्या ग्वेल्फला आल्या. अरविंदराव विद्यापीठात गव्हावरच्या रोगांचा अभ्यास करत. पहिली काही वर्षं घरात बसून गेली. मुलगा नंदन शाळेत जायला लागल्यावर त्यांनी गावातल्या एका वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी धरली. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, भरवायचं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. इंग्रजी बोलायला त्या शिकल्या त्या या म्हाताऱ्यांकडून, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत काही शब्द असे होते की नंदनचे मित्र चमकून बघत.

तिथे मिस विनिफ्रेड कोल्बी नावाच्या एक बाई होत्या. मोजे विणायच्या गिरणीत जन्म गेलेला, लग्न केलेलं नाही. सकाळी नाश्ता झाला की नाही हे त्यांना दुपारी आठवत नसे. पण उमाताई त्यांचे केस विंचरायला बसल्या की त्या विचारत, "शनिवार आहे ना गं? गाडी चुकायला नको." आणि मग हेझल ग्रोव्ह पार्कची गोष्ट सुरू होई.

गावापासून पूर्वेकडच्या खेड्यांपर्यंत तेव्हा एक छोटी रेल्वे होती, विजेवर चालणारी. आठवडाभर तिच्यातून दुधाचे कॅन आणि गिरणीतली माणसं जात. शनिवारी दुपारनंतर मात्र डबे रिकामे पळत. रिकामे डबे पळवणं कंपनीच्या मालकांच्या जिवाला लागलं, आणि त्यांनी लोकांना गाडीत बसवायला एक कारणच बांधून काढलं. वाटेत एक रान विकत घेतलं. त्यातल्या ओढ्याला बांध घालून तळं केलं. तळ्यावर हिरव्या रंगाच्या होड्या, चढावर चहूबाजूंनी व्हरांडा असलेला मंडप, मंडपात मेपलच्या लाकडाची नाचायची जमीन. चहाची किटली आपली आपण आणायची, उकळतं पाणी कंपनी फुकट देणार. आणि झाडाझाडांतून विजेचे दिवे. घरी रॉकेलचा कंदील लावणारी माणसं नुसते ते दिवे लागताना बघायला तिकीट काढत. पार्कला वेगळं तिकीट नव्हतं, गाडीच्या भाड्यातच सगळं.

"गिरणीची पिकनिक असली की आम्ही सगळ्या पांढरे कपडे घालायचो," मिस विनी सांगायच्या. "दिवसभर लोकरीच्या धुळीत काम करणाऱ्या मुली आम्ही. पांढरं घालायला दुसरी जागाच नव्हती."

एकदा त्यांची होडी उलटली होती. तळं छातीभरच खोल, पण पाणी इतकं गार की ऑगस्टमध्येही त्यांना श्वास घेता येईना. तळाशी झरे होते. कडाक्याच्या थंडीतही तळ्याचा एक कोपरा गोठत नसे, म्हणून हिवाळ्यात तिथे स्केटिंग करायला बंदी होती.

पुढे मोटारी आल्या, बसा आल्या. १९३०नंतरच्या मंदीत रेल्वे बंद पडली. रूळ उपटून भंगारात गेले. मंडपाची लाकडं एका शेतकऱ्याने कोंबड्यांच्या खुराड्याला नेली. एका वसंतात बांध फुटला, आणि मग कुणीतरी राख आणि माती टाकून तळं बुजवलं आणि वर मका लावला. ही शेवटची हकिकत सांगताना मिस विनींचा आवाज चिडका होई. "तळं बुजवलं. झऱ्यांचं काय केलं ते विचार त्यांना."

त्याच आश्रमात मिस्टर टेट होते. त्यांचे वडील त्या गाडीवर ड्रायव्हर. ते म्हणत, तळं फलाटाच्या डाव्या हाताला. मिस विनी म्हणत, उजव्या. दोघांना एकदा उमाताईंनी समोरासमोर बसवलं तर ते भांडायलाच लागले आणि नर्सने येऊन दोघांच्या खुर्च्या लांब नेल्या. वर्षभरात दोघंही गेले. पुढे इतरही काही म्हाताऱ्यांनी उमाताईंना पार्कबद्दल सांगितलं, कुणी नाचाबद्दल, कुणी पहिल्यांदा खाल्लेल्या आइस्क्रीमबद्दल. तळं नक्की कुठे, ते कुणालाच विचारायचं उमाताईंना सुचलं नाही. काय कारण होतं विचारायचं?

अरविंदराव २०१३ मध्ये गेले. त्यानंतर दिवस रेटायला म्हणून उमाताई चालायला लागल्या. जुन्या रेल्वेच्या भरावावरून आता पायवाट गेली होती. एका जानेवारीत त्या बऱ्याच लांब गेल्या आणि त्यांना रानाच्या कडेला काँक्रीटची एक मोडकी कड दिसली, गुडघाभर उंचीची, सरळ रेषेत. फलाट असणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मक्याच्या शेतावर सगळीकडे पांढराशुभ्र बर्फ. पण एका जागी काळा ओला पट्टा, त्यात हिरवीगार पाणभाजी उगवलेली आणि वर वाफेसारखं काहीतरी. बाहेर उणे अठरा. उमाताई तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांना रडूच आलं. ज्या जागेची गोष्ट इतकी वर्षं ऐकली ती जागा खरोखर होती. घरी येऊन त्यांना हे कुणाला सांगावं ते कळेना.

दीडेक वर्षाने त्याच शेतावर घरं बांधायची पाटी लागली.

नंदन तेव्हा टोरांटोजवळ मिसिसॉगाच्या एका फ्लॅटात राहत होता. त्याचं सॉफ्टवेअरचं काम निम्मं घरूनच चाले. आईला एकटं ठेवायचं नाही, अनन्याला अंगण पाहिजे, असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा, ऋचाचा, विचार. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली सगळ्या वसाहतीचं मॉडेल ठेवलेलं होतं. नंदनने कोपऱ्यावरच्या, झाडांना लागून असलेल्या एका घरावर बोट ठेवलं.

"आई, हे आपलं. बेसमेंटमध्ये तुझी स्वतंत्र खोली, स्वतःचं वॉशरूम."

उमाताईंनी भरावाची रेघ पाहिली, झाडं पाहिली.  "इथे तळं होतं," त्या म्हणाल्या.

ऑफिसातली मुलगी गोड हसली. नंदन म्हणाला, "आई, सॉइल टेस्ट केल्याशिवाय परमिट मिळत नाही. कधीचं तळं? तू बघितलंयस?"

त्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं, आणि ते ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना स्वतःचा नाश्ता आठवत नसे. पण त्यांनी जेवण कमी केलं, झोप उडाली, रक्तदाब वाढला. शेवटी ऋचाच नंदनला म्हणाली, "एवढं आहे तर समोरचा प्लॉट घेऊ. नाही तरी तो जरा उंचावर आहे." नंदनने कुरकुरत प्लॉट बदलून घेतला. उमाताईंना वाटलं, सुटलो.

आपण सुटलो म्हणजे तिथे दुसरं कुणीतरी येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं ते त्या सप्टेंबरात, त्या कोपऱ्यावरच्या घरासमोर सामानाचा ट्रक उभा राहिला आणि त्यातून आधी एक पोळपाट उतरला तेव्हा.

जयदीप आणि ऊर्मी नागपूरचे. तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, ती बँकेत. ऊर्मीला दिवस गेलेले होते. दुसऱ्याच दिवशी ती विरजण मागायला आली आणि दोन तास बसून गेली. "काकू, समोर मराठी माणूस मिळालं, अजून काय पाहिजे?" म्हणाली. मुलगी मनमोकळी, बोलताना हात हलवणारी. उमाताईंना ती फार आवडली, आणि ती गेल्यावर त्या खिडकीशी जाऊन समोरच्या घराकडे बघत राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये ऊर्मी त्यांना बेसमेंट दाखवायला घेऊन गेली. नवं कार्पेट, नवा पलंग. "आईबाबा येणार आहेत जानेवारीत, बाळंतपणासाठी. सहा महिने राहतील. बाबांचे गुडघे दुखतात, पण म्हणाले खालीच बरं, शांत असतं."

कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा होता, त्यावर झाकण. खाली साठणारं पाणी बाहेर फेकायचा पंप त्यात. उमाताई बघत असतानाच तो घरघरला, थांबला, आणि थोड्याच वेळात पुन्हा घरघरला. पंधरा दिवसांत पाऊस नव्हता.

"हा सारखाच चालतो का गं?"

"हो. जयदीप म्हणतो नवीन घरात असं होतं, सेटल होईल."

उमाताईंनी घरी येऊन नंदनला सांगितलं.

"आई, तू त्यांना काही सांगणार नाहीयेस," नंदन म्हणाला. तो रागावलेला नव्हता, दमलेला होता. "काय सांगशील? की आम्ही हे घर घेणार होतो, आम्हाला भीती वाटली म्हणून आम्ही सोडलं? प्रेग्नंट आहे ती. तुझ्याकडे प्रूफ काय आहे? आणि बिल्डरची वॉरंटी असते, काही झालंच तर ते बघतील."

ऋचा भांडी लावत होती. ती म्हणाली, "मला विचाराल तर सांगावं." पण तिनेही पुढे जोर लावला नाही.

नंदनचं बोलणं चुकीचं नव्हतं, हाच उमाताईंचा त्रास होता. मिस्टर टेट म्हणाले होते डाव्या हाताला. मिस विनी उजव्या. गाडी कुठून येते त्यावर डावं-उजवं ठरणार, आणि शेत बुलडोझरने असं सपाट केलेलं की तो हिरवा पट्टा नक्की कुठे होता ते आता सांगता येत नव्हतं. कदाचित तो ऊर्मीच्या परसात असेल, कदाचित चार घरं पलीकडे, कदाचित आपल्याच घराखाली. एखाद्या पोरीच्या नव्या घरावर आपण वाईट बोलायचं, आणि तेही स्मरण गेलेल्या माणसांच्या भरवशावर?

जानेवारीत ऊर्मीचे आईवडील आले. वडील रविकांत वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. आई सुरेखाबाई आल्या दिवसापासून शंकरपाळे करून शेजाऱ्यांना वाटत सुटल्या. ऊर्मीचं डोहाळेजेवण उमाताईंनी आपल्याच घरी केलं. तिला हिरवी साडी नेसवून बसवलं, दुकानातल्या कार्नेशनची वेणी करून माळली. आज सुरेखाबाईंना बाजूला घेऊन सांगायचंच, असं उमाताईंनी ठरवलं होतं. ओटी भरून झाली. सुरेखाबाई स्वयंपाकघरात आल्या आणि उमाताईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "परक्या मुलखात माझ्या मुलीला तुम्ही आहात. मी निर्धास्त झाले."  उमाताईंनी त्यांना नुसती आणखी एक पुरणपोळी वाढली.

त्या रात्रीपासून त्यांना स्वतःची चीड यायला लागली.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हाडं फोडणारी थंडी होती. मग एका मंगळवारी रेडिओवर सांगितलं की हवा एकदम बदलते आहे, पारा दहाच्या वर जाणार, दोन दिवस जोरदार पाऊस. जमीन गोठलेली, वर दोन फूट बर्फ, आणि त्यावर पाऊस. पाणी मुरणार कुठे? नंदन टोरांटोला, ऋचा ऑफिसात, अनन्या शाळेत. जेवणाआधीच पाऊस लागला. उमाताई खिडकीशी उभ्या राहिल्या.

पाइपातून पाणी पडत नव्हतं.

त्या बघत राहिल्या. पाऊस काचेवर आपटत होता. एक चूळ पडावी, म्हणून त्या मनात देवाचं नाव घ्यायला लागल्या. मग त्यांना दिसलं. बर्फाचा तो उंचवटा वाढत वाढत पाइपाच्या तोंडापर्यंत चढला होता आणि पाइप त्यात गच्च रुतला होता. आत पंप फिरत असेल, पण पाणी बाहेर येऊ शकत नव्हतं.

त्यांनी कोट घातला, बूट घातले आणि नंदनचं फावडं घेऊन रस्ता ओलांडला.

दार ऊर्मीने उघडलं. नववा महिना, एक हात कमरेवर. "काकू, एवढ्या पावसात?"

"बाबा कुठे आहेत?"

"खाली, झोपलेत. रात्रभर गुडघे दुखत होते त्यांचे. आत या ना."

"त्यांना उठव. आधी वर बोलाव, मग मी सांगते."

त्यांचा चेहरा बघून ऊर्मीने काही विचारलं नाही. तिने जिन्यातून हाक मारली. रविकांत मफलर सावरत वर आले, मागून सुरेखाबाई. आणि उमाताईंनी दारातच, अंगावरून पाणी निथळत असताना, सगळं सांगितलं. तळं, झरे, मिस विनी, हिरवा पट्टा. आणि हेही, की हे घर आधी आम्ही घेणार होतो.

ऊर्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. भीती होती."

"कधीपासून?"

"तू बेसमेंट दाखवलंस तेव्हापासून खात्री व्हायला लागली. त्याच्या आधी नुसती भीती."

ऊर्मी काही बोलणार तेवढ्यात रविकांत म्हणाले, "थांब." ते वळून जिन्यात गेले, चार पायऱ्या उतरून वाकले. "आमच्या नागपुरातही नाल्यावर लेआउट पाडलेत," ते तिथूनच सावकाश म्हणाले. "पाणी आपली जागा विसरत नाही. ऊर्मी, कोपऱ्यातलं कार्पेट काळं दिसून राहिलंय. पाणी येऊन राहिलंय खाली."

उमाताई पुढे झाल्या. "मी बॅगा आणते वर—"

"कोणीही खाली जायचं नाही." आता रविकांतांचा आवाज बदलला होता. "माझ्या पलंगाशी हीटर आहे, जमिनीवर, चालू. त्याची वायर कार्पेटवरून गेली आहे. आणि मेन स्विचचा बोर्डही खालीच आहे. ओल्या जमिनीवर उभं राहून त्याला हात लावायचा नाही. जन्म गेलाय माझा यात. पासपोर्ट भिजले तर भिजू द्या."

ऊर्मीने वीज कंपनीला फोन लावला. रविकांत शेजारी उभे राहून काय सांगायचं ते तिला सांगत होते, ती इंग्रजीत बोलत होती. माणूस पाठवतो, पण आज सगळीकडून असेच फोन येताहेत, असं उत्तर आलं. मग उमाताई आणि सुरेखाबाई बाहेर गेल्या. गॅसवर तापवलेलं पाणी पातेल्यांनी पाइपावर ओतायचं आणि फावड्याने बर्फ फोडायचा. सुरेखाबाईंच्या पायात मुलीचे बूट, दोन नंबर मोठे. त्या एकदाही तक्रारीचा शब्द बोलल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही हेच सांगणार होतात का?"

"हो," उमाताई म्हणाल्या.

सुरेखाबाईंनी पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

पाइप मोकळा झाला नाही. बर्फ आतपर्यंत गेलेला होता. वीज कंपनीचा माणूस आला आणि त्याने बाहेरून वीज तोडली तेव्हा आता पंपही बंदच पडणार हे सगळ्यांना कळत होतं. चौघं जिन्याच्या वरच्या टोकाशी उभी राहिली. खाली बॅटरीचा झोत टाकला की पाणी दिसे. आवाज नाही, लाट नाही. गादीची कड भिजली, मग चपला तरंगायला लागल्या, मग हीटर बुडाला. त्या हीटरकडे बघून सुरेखाबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

जयदीप आला तेव्हा पाणी गुडघाभर होतं. सगळं ऐकून घेतल्यावर तो उमाताईंना एवढंच म्हणाला, "तुम्ही आता घरी जा, काकू." नंदन घाईघाईने टोरांटोहून आला आणि तसाच समोर गेला. रस्त्यात उभं राहून दोघांचं काय बोलणं झालं ते उमाताईंना ऐकू आलं नाही, पण नंदन परत आला तो खाली मान घालून. "त्याचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आई, मी तुला सांगू दिलं नाही." उमाताई म्हणाल्या, "मला पाय होते. मी गेले असते तर तू काय धरून ठेवणार होतास?"

त्या पावसात त्या रस्त्यावर चार घरांत पाणी शिरलं. खांबेट्यांचं घर कोरडं राहिलं. उमाताईंना ते कोरडं घर खायला उठे. भिजलेलं कार्पेट, गादी, भिंतींचे तुकडे समोरच्या कचऱ्याच्या पेटीत पडताना त्या बघत आणि पडदा ओढून घेत. मार्चमध्ये ऊर्मीला मुलगी झाली. ही बातमी त्यांना तिसऱ्या घरातल्या पंजाबी बाईंकडून कळली, हिंदीतून. त्यांनी डिंकाचे लाडू केले, डबा भरला, आणि तो तीन दिवस ओट्यावरच राहिला. चौथ्या दिवशी सुरेखाबाई स्वतः आल्या. लेकीने पाठवलेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. लाडू घेतले, एक तिथेच खाल्ला. "ऊर्मी रागावलेली आहे," त्या म्हणाल्या. "मीही होते. पण हे झोपेत होते हो खाली, तुम्ही येऊन उठवलंत. ते मी विसरू शकत नाही आणि ती पण विसरणार नाही. तिला जरा वेळ द्या."

एप्रिलमध्ये दाराची बेल वाजली. जयदीप उभा होता. आत यायला तयार नव्हता. बिल्डरची माणसं म्हणताहेत की पाइप साफ ठेवला नाही ही घरमालकांची चूक, खाली पाणी असण्याचं काही कारणच नाही. शाळेच्या जिममध्ये मीटिंग आहे, शहराचे इंजिनिअरही येणार आहेत. "तुम्ही तिथे बोलाल का?" त्याने विचारलं. तो त्यांच्याकडे न बघता बोलत होता.

उमाताई आयुष्यात कधी चार लोकांसमोर इंग्रजीत बोललेल्या नव्हत्या.  लोक हसतील. पुरावा विचारतील. कोणी सांगितलं म्हणतील, तर काय सांगायचं, की ज्यांना मी भरवत असे त्यांनी? नंदन म्हणाला, "मी तुझ्या बाजूला बसेन. अडलं तर माझ्याकडे बघ." आणि तो बसला.

त्यांनी माइक धरला नाही, तो नंदनने धरला. त्या म्हणाल्या, मी वृद्धाश्रमात काम करत होते. मिस विनिफ्रेड कोल्बी म्हणत, तळं उजव्या हाताला. मिस्टर टेट म्हणत, डाव्या. कोण बरोबर ते मला माहीत नाही. पण झरे होते हे दोघंही म्हणत, आणि एक कोपरा कधी गोठत नसे. मी स्वतः तो एकदा पाहिला. नक्की जागा मला दाखवता येणार नाही. मग त्यांनी पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींबद्दल सांगितलं, उलटलेल्या होडीबद्दल सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. बिल्डरच्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं.

मागच्या रांगेतून एक म्हातारा गोरा गृहस्थ उठला. ते शेत त्याच्या वडिलांचं होतं. "दर वसंतात आमचा ट्रॅक्टर तिथे रुते," तो म्हणाला. "एकाच जागी. मी लहान असताना दोनदा घोडे लावून काढलाय. चला, मी दाखवतो." त्याची आईदेखील मोज्यांच्याच गिरणीत होती आणि त्या मंडपात नाचलेली होती, असं त्याने उमाताईंना नंतर सांगितलं. पार्कबद्दल बोलणारं माणूस त्याला चाळीस वर्षांत भेटलं नव्हतं.

शहराने पुन्हा जमीन तपासायला लावली. ट्रॅक्टर रुतायचा तिथे, ऊर्मीच्या परसात आणि शेजारच्या दोन घरांखाली, राखेचा थर लागला आणि त्याच्याखाली वाहतं पाणी. बिल्डरला मुकाट्याने खोल गटार घालावं लागलं, झऱ्यांचं पाणी वेगळ्या नळाने काढून द्यावं लागलं. सगळं उन्हाळाभर चाललं. अंगणं उकरलेली, रस्त्यावर चिखल. रविकांत रोज खुर्ची टाकून कामावर देखरेख करत आणि मजूर त्यांना बॉस म्हणत.

जुलैत रविकांत आणि सुरेखाबाईंचं परत जायचं ठरलं. आदल्या दिवशी ऊर्मी बाळाला घेऊन रस्ता ओलांडून आली, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. उमाताईंच्या मांडीवर तिने मुलगी ठेवली आणि समोर बसली. बराच वेळ ती बाळाच्या मोज्याशीच चाळा करत होती.

"मला अजून राग येतो, काकू. मधूनच येतो."

"येऊ दे."

"बाबांनी त्या दिवशी झोपेची गोळी घेतली होती. माहीत आहे तुम्हाला? मी हाक मारली नसती तर..." ती थांबली. "पुढच्या वेळी भीती वाटली की सरळ येऊन सांगायचं. खोटी ठरली तरी चालेल. मी काही म्हणणार नाही."

उमाताईंनी मान हलवली. 

हे त्यांनी अगदी मनावर घेतलं. त्या वर्षभरात त्यांनी ऊर्मीला पायऱ्यांवरच्या बर्फाबद्दल सांगितलं, बाळाच्या खोकल्याबद्दल सांगितलं, गॅरेजच्या दाराच्या आवाजाबद्दल, जयदीपने अजून विंटर टायर लावले नाहीत याबद्दल, आणि एका अनोळखी करड्या मांजराबद्दलही. बहुतेक सगळ्या भीती खोट्या ठरल्या. टायरची तेवढी खरी निघाली, आणि जयदीपने ते त्याच शनिवारी बदलून घेतले.